गैरहजरांची नावं घेणारी कनीज

सेंट ॲग्नेस शाळेत कनीज नेमकं काय काम करते, हे नव्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत होती. ती गणित शिकवत नव्हती, इंग्रजी शिकवत नव्हती, ऑफिसात बसत नव्हती. गळ्यातल्या कार्डावर 'असेंब्ली असिस्टंट' असं लिहिलेलं होतं, आणि हे पद साऱ्या बहारीनमध्ये दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल तर शपथ. काम एवढंच, की सकाळी मुलं हॉलमध्ये रांगा करून उभी राहिली, राष्ट्रगीत झालं, की कनीजने स्टेजवर चढायचं आणि त्या दिवशी जी मुलं आली नाहीत त्यांची नावं मोठ्याने घ्यायची. एक नाव घेतलं की सगळी शाळा एका सुरात म्हणायची, "वी आर वेटिंग." मग दुसरं नाव. नावं संपली की क्षणभर गप्प उभं राहायचं, ज्याला ज्या देवाची आठवण करायची त्याने त्याची करायची, आणि मग मुलं आपापल्या वर्गात जायची.

हॉलच्या दारात वर्गावर्गांचे मॉनिटर तिच्या कानात नावं सांगून जात. असेंब्लीनंतर ती एकेका घरी फोन लावी. कुणाला कांजिण्या आलेल्या असत, कुणाची बस चुकलेली असे, कुणी नुसतंच लोळत पडलेलं असे. पोर परत आलं की कनीज स्टेजवरून त्याचं नाव घेऊन म्हणे, "हॅज कम." त्यावर टाळ्या. छोट्या वर्गांतली काही बेरकी पोरं या टाळ्यांसाठी मुद्दाम दांडी मारतात असा टीचर मंडळींचा संशय होता, आणि तो काही अगदीच खोटा नव्हता.

शाळा चर्चची. मुलं मात्र सगळ्या जगाची: बहारिनी, केरळी, फिलिपिनो, सुदानी, पाकिस्तानी, आपली. आणि चर्चच्या या शाळेत सकाळची नावं घेणारी बाई होती म्हसळ्याची कोकणी मुसलमान, डोक्यावर ओढणी घट्ट लपेटलेली. हे जमलं कसं, ते आधी सांगितलं पाहिजे.

ही रीत सुरू केली गोदाबाईने. गोदाबाई राहुरीकडची मराठी ख्रिस्ती, शाळेची पहिली आया आणि पुढे मेट्रन. तिच्या गावच्या चर्चमध्ये रविवारी जे आले नसतील त्यांची नावं एक म्हातारा घेई, कुणी ऊसतोडीला गेलेलं असे, कुणी अंथरुणाला खिळलेलं, आणि बाकीचे म्हणत, "वाट पाहतो." तेच तिने इथे आणलं आणि तेव्हाच्या फादरांकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. त्या काळात कनीज आपल्या नावेदला केजीत सोडायला यायची आणि घरी जाऊन करायचं काय म्हणून शाळेच्या दारातच उभी राहायची. नवरा मुनाफ बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क, तो संध्याकाळी उगवायचा. एक दिवस गोदाबाई दारात येऊन म्हणाली, "आगं, रोज इथं उभी ऱ्हातीस, तर आत येऊन पोरांची नाकं तरी पूस." तिच्या तोंडून मराठी ऐकून कनीजच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती जी आत गेली ती आतच राहिली.

गोदाबाईचे गुडघे गेले तेव्हा तिने आपलं काम कनीजच्या गळ्यात घातलं. कनीज घाबरली. "बाय, मी मुसलमान. तुमच्या चर्चचा काम मी करीन तर बरा दिसंल काय?"

"नाव तर घ्यायचंय," गोदाबाई म्हणाली. "त्याला काय बाप्तिस्मा लागतो व्हय?"

फादर हसले आणि हो म्हणाले. गोदाबाई गावी गेली, यथावकाश वारली. कनीज नावं घेत राहिली. पण तो प्रश्न तिच्या मनातून काही गेला नाही. नाताळच्या कार्यक्रमाला ती शेवटच्या रांगेत बसायची. वार्षिक फोटोत क्रूसाखाली उभं राहायची वेळ आली की तिला नेमकं काहीतरी आणायला जावं लागायचं. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या घरात मान कितीही मिळो, चुलीपर्यंत जायचं नाही. चांगलीच शिकवण. फक्त कुठलीही चांगली शिकवण माणूस किती ताणतो त्याला काही मर्यादा हवी, आणि कनीजकडे ती नव्हती.

मुनाफ करोनाच्या आदल्या वर्षी गेला. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या. नावेद कॅनडाहून आला, दफन केलं, आणि आठ दिवसांनी परत गेला. तेव्हापासून कनीज झिंजमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी. शाळेतून आली की खालच्या दुकानातून खुबूसची रोटी आणि दही घ्यायचं, जेवायचं, आणि मग संध्याकाळ आ वासून समोर बसलेली. नावेद शुक्रवारी फोन करी. नात फिजा पडद्यावर येऊन "हाय दादी" म्हणे. तिला मराठी समजत असे, उत्तर मात्र इंग्रजीत येई, आणि तेही पळता पळता. दुकानदार मदाम म्हणे, वॉचमन आंटी म्हणे, मुलगा अम्मी म्हणे. तिच्या वयाच्या बायकांचे नवरे बायकोला "अगो" नाहीतर "ऐकलंस काय" म्हणत, पण मुनाफने पहिल्या दिवसापासून तिला नावाने हाक मारली होती, "कनीज", तीही जरा मोठ्याने, शेजारी ऐकतील अशी. तो गेल्यावर घरात ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नाही. तिला याचं फार वाईट वाटे. कधी कधी ती स्वयंपाकघरात स्वतःच म्हणून बघे, आणि लाज वाटून गप्प बसे.

इथे शाळेचा आठवडा रविवार ते गुरुवार. दर गुरुवारी शाळा सुटली की ती टॅक्सीने कबरस्तानाला जाई. आत जात नसे. म्हसळ्यात बायका आत जात नाहीत. इथे कुणी अडवलं नसतं, दोन-चार बायका जाताना तिने पाहिल्याही होत्या, पण ती आपली भिंतीबाहेर, सावली असेल तिथे उभी राही आणि फातिहा पढून झाला की त्याला आठवड्याची खबर सांगे. कुठली कबर त्याची, हेही तिला ठाऊक नव्हतं. नावेदने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

असं चाललं होतं, आणि शाळेचं बिऱ्हाड हललं.

म्हणजे इमारत जागेवरच होती. पण चर्चच्या कमिटीला शाळा झेपेना. नवे नियम, नव्या प्रयोगशाळा, टीचरांचे पगार, आणि कमिटीतले निम्मे लोक रिटायर होऊन केरळ-गोव्याला गेलेले. शेवटी ठरलं की शाळा एका स्वतंत्र संस्थेकडे द्यायची. कारभार त्यांचा, नेमणुका त्यांच्या, नाव सेंट ॲग्नेस अकॅडमी. चर्चकडे उरणार ती फक्त देखरेख: मंडळावर दोन माणसं, गेटवरचा क्रूस, आणि सकाळची असेंब्ली, पण ती एका अटीवर. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे मोजायला नव्या संस्थेने एक माणूस पाठवला, आणि तो निघाला पुण्याचा.

त्याचं नाव शिरीष. राहायला जनाबियातल्या व्हिलात, बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता. कनीज मराठी बोलते हे कळल्यापासून तो रोज कॉरिडॉरमध्ये थांबून तिच्याशी दोन शब्द बोले, आणि खरं सांगायचं तर कनीज त्या दोन शब्दांची वाट बघायला लागली होती. एक दिवस त्याने तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला.

"कनीजताई, तुमच्यापासून लपवून ठेवत नाही," तो म्हणाला. "आमच्या नव्या चार्टमध्ये तुमची पोस्ट नाहीये. आमच्याकडे हजेरी ॲपवर असते. मूल आलं नाही की पालकांना मेसेज जातो. खलास."

"आणि नाव कोण घेतो?"

शिरीषने जरा विचार केला. "नाव कुणी घेत नाही."

कनीजने चहाचा कप खाली ठेवला. पोस्ट नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे बहारीन नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हसळ्यात दिराचं घर होतं, राहायला एक खोली मिळाली असती. उपाशी मरायची भीती नव्हती. पण मुनाफ इथे होता. गुरुवारी भिंतीबाहेर उभं राहून त्याला खबर कोण सांगणार, एवढं एकच तिच्या डोक्यात आलं.

"एक मार्ग आहे," शिरीष म्हणाला. "चर्चचं म्हणणं असं, की असेंब्ली ही त्यांची ओळख आहे. ती खरंच जिवंत असली तर ती त्यांच्याकडे राहील, आणि ते काम करणारं माणूसही. पगार चर्च देणार, व्हिसा चर्च देणार. ते बघायला अम्मानहून त्यांच्या शाळांच्या पर्यवेक्षक येतायत, मिस सुहा. पुढच्या मंगळवारी. त्यांना पटलं तर तुम्ही इथेच. तुम्ही फक्त रोज करता तेच करा. वेगळं काही करू नका."

त्याने नेमकं तेच सांगितलं होतं. वेगळं काही करू नका.

घरी आल्यावर कनीजचा जीव थाऱ्यावर राहिना. तिने त्या बाईच्या जागी बसून विचार केला, आणि दुसऱ्याच्या जागी बसून विचार करायची तिची सवय जगात कुणालाही फायद्याची झाली असेल, तिला स्वतःला कधी झाली नाही. चर्चची बाई अम्मानहून येणार, आपल्या चर्चची ओळख शाळेत उरली आहे का ते पाहणार, आणि स्टेजवर काय पाहणार? ओढणीतली मुसलमानीण. म्हणणार, यात चर्चचं काय राहिलं, द्या सोडून. म्हणजे आपल्यामुळेच सगळं जायचं. जितका विचार केला तितकं तिला ते जास्त खरं वाटत गेलं. आता इथे कुणीतरी मराठी बोलणारं शेजारी असतं, तर त्याने तिला एका वाक्यात वेड्यात काढलं असतं. पण शेजारी कुणी नव्हतं. एकट्या माणसाच्या डोक्यात आलेली गोष्ट अडवायला घरात दुसरं कोण असतं?

दुसऱ्या दिवशी तिने जिन्सीला गाठलं. जिन्सी केरळची, त्याच वर्षी लागलेली टीचर, बावीस-तेवीस वर्षांची, गळ्यात बारीकसा क्रूस. कनीज तिच्याशी हिंदीत बोले.

"मंगळवारी नावं तू घे," कनीज म्हणाली. "मी मागे उभी राहून तुला सांगते. आणि मॅडमने विचारलं, रोज कोण घेतं, तर माझं नाव सांगू नकोस. पोरं काही बोलली आणि तिने विचारलंच, तर सांग, कनीज मिस आज आलेली नाही."

"पण मिस, ये तो झूठ होगा."

"एक दिन का झूठ. चर्च के भले के लिए."

जिन्सी बिचारी ज्येष्ठ बाईला नाही कशी म्हणणार? शिरीषला कनीजने काही सांगितलं नाही. तो समजूतदार आहे, नको म्हणेल, अशी तिला भीती वाटली.

मंगळवारी कनीज रोजच्यापेक्षा लवकर आली, दारात मॉनिटरांकडून नावं घेतली आणि मागच्या बाजूने स्टेजच्या पडद्याआड जाऊन उभी राहिली. मिस सुहा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कापलेले करडे केस, काळा कोट, हातात काही नाही, वही नाही, मोबाइल नाही. नुसत्या ऐकायला आल्यासारख्या. शेजारी शिरीष. तो सारखा दाराकडे बघत होता.

राष्ट्रगीत झालं. जिन्सी पुढे आली. कनीजने पडद्यामागून हळूच सांगितलं आणि जिन्सीने म्हटलं, "अर्सलान, ग्रेड थ्री."

मुलं गडबडली. रोजचा आवाज नव्हता. पुढच्या दोन रांगांतून एक बारीकसं "वी आर वेटिंग" आलं, मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. जिन्सीने दुसरं नाव घेतलं. या वेळी उत्तर आलं ते शिक्षकांच्या डोळ्यांच्या धाकाने. तिसरं, चौथं. नावं बरोबर होती, उच्चार तर कनीजपेक्षा चांगले होते, आणि हॉलमधला जीवच गेला होता. जिन्सी कपाळावरचा घाम पुसून म्हणाली, "नाऊ वी विल बी क्वाएट."

तेव्हा केजीच्या रांगेतून एक हात वर झाला. आतिका. मागच्याच आठवड्यात ती तापाने घरी होती, चार दिवस तिचं नाव घेतलं गेलं होतं आणि रविवारी तिला टाळ्या मिळाल्या होत्या. ती खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणाली, "मिस, एक नाव राहिलं."

"कुणाचं?" जिन्सीने विचारलं.

"कनीज मिस."

आणि कुणी इशारा न करता सगळी शाळा, बारावीच्या मिसरूड फुटलेल्या मुलांसकट, म्हणाली, "वी आर वेटिंग." असं, की हॉलच्या काचा वाजल्या.

पडद्याआड कनीजने पडद्याची दोरी धरली. किती तरी वर्षांत तिचं नाव कुणी असं घेतलं नव्हतं. तिचा एक पाय पुढे पडलासुद्धा. एक पाऊल, मग पडदा, मग उजेड. सगळी शाळा तिच्यासाठी थांबली होती, आणि थांबलेल्या माणसांनी काय करायचं हे तिनेच त्यांना शिकवलं होतं: आलेल्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या. मग तिला वाटलं, आता बाहेर गेले तर ती बाई म्हणेल हा काय तमाशा, पडद्याआड लपून बसली होती. जिन्सी खोटी पडेल. आणि हे घर आपलं नव्हे. तिने पाऊल मागे घेतलं. हॉल अजून गप्प होता. मुलं खरोखरच वाट बघत होती. मग बेल झाली आणि सगळी आपापल्या वर्गात गेली.

मिस सुहा उठून जिन्सीजवळ आल्या. पडद्यापासून हातभर अंतरावर.

"मुलांनी जिचं नाव घेतलं, त्या कुठे आहेत?"

"शी इज ॲबसेंट, मॅम."

"परत कधी येतील?"

याचं उत्तर कनीजने जिन्सीला शिकवलं नव्हतं. जिन्सी म्हणाली, "आय डोन्ट नो, मॅम."

सुहांनी पुन्हा एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं. मग निघून गेल्या. दुपारी शिरीषने फोन केला तेव्हा कनीजने डोकं दुखत होतं असं सांगून वेळ मारून नेली, आणि संध्याकाळी झिंजमध्ये तिने मनाशी ठरवलं की एकंदरीत बरंच झालं. त्या रात्री ती नीट झोपली.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते तिला कळायला तीन आठवडे जावे लागले.

शिरीषने तिला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. चहा आधीच येऊन थंड झाला होता.

"असेंब्ली आमच्याकडे आली, कनीजताई," तो म्हणाला. "म्हणजे बंद होणार. चर्चने सोडली."

कनीजने विचारलं, "का? ती तं ख्रिस्ती पोर होती की. नावां बराबर घेतली."

"मीटिंगला मी होतो. मिस सुहा म्हणाल्या, रीत सुंदर आहे, पण ती शाळेची नाही, एका बाईची आहे. मुलांनी मनापासून एकच नाव घेतलं, तिचं. ती बाई असती तर मी भांडून हे पद ठेवलं असतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी आल्या. तर म्हणाल्या, बाईचं वय झालेलं, आज येईल, उद्या नाही, आणि परत केव्हा येणार हे त्या दिवशी शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, मुलांनी हाक मारल्यावर मी दाराकडे बघत बसले, ती जवळपास कुठे असती तर आलीच असती." शिरीषने थंड चहाचा कप बाजूला सारला. "ताई, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"पडद्यामागं," कनीज म्हणाली.

शिरीषने 'म्हणजे?' म्हणून विचारलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं. तिला काय वाटलं, जिन्सीला कसं पढवलं, पाय पुढे टाकून मागे कसा घेतला. सांगताना ती रडली नाही. शिरीषने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"तुम्ही मुसलमान आहात हे त्यांना आधीपासून माहीत होतं," तो म्हणाला. "फादरांनी सांगितलेलं. त्यासाठीच तर त्या स्वतः आल्या. त्यांना तेच बघायचं होतं." मग तो उठला. "मी आत्ता फोन लावतो. सही अजून व्हायचीय. अजून वेळ गेलेली नाही."

"नको."

"अहो, नको काय?"

"त्या पोरीने माझ्या सांगण्यावरनं खोटां सांगितला," कनीज म्हणाली. "चर्चच्या मॅडमला तोंडावर. तुमची नवी कंपनी तिला ठेवील काय? तिच्या बापाने कर्ज काढून तिला हितं पाठवलीय. नको, शिरीषभाऊ. त्या बाईने बघितला तेच ती बोलली. तिची काय चूक?"

शिरीषने तिला पुष्कळ समजावलं. जिन्सीला सांभाळून घेईन म्हणाला. "शब्द देता?" असं तिने विचारलं तेव्हा मात्र त्याला तो देता येईना, कारण नेमणुका त्याच्या हातात नव्हत्या आणि खोटा शब्द द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. इथे कनीजला गदागदा हलवावंसं वाटतं. बाई गं, एकदा तरी स्वतःसाठी पुढे हो. पण ती तशी असती तर पडद्याआड गेलीच नसती, आणि तशी असती तर मुलांनीही तिला एवढ्या मोठ्याने हाक मारली नसती.

शेवटच्या गुरुवारी तिने नेहमीसारखी नावं घेतली. मुलांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून तीही नेहमीसारखी ओरडली. जिन्सी स्टाफरूममध्ये तिच्या गळ्यात पडून खूप रडली. शिरीष कबरस्तानापर्यंत गाडीने सोडतो म्हणाला, तर तिने नको म्हटलं, मग हो म्हटलं.  गेटपाशी उतरताना म्हणाला, "माझी बायको म्हणाली, जायच्या आधी एकदा घरी जेवायला या." विमान शुक्रवारचं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. कनीज म्हणाली, "इंशाल्ला."

गाडी गेली. ती आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. फातिहा पढला. मग खबर सांगायला तोंड उघडलं, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं आपण इथूनच बोलत आलो. हासुद्धा पडदाच. आणि तो पलीकडे वाट बघत असेल तर?

ती गेटमधून आत गेली. अडवणारं कुणीच नव्हतं. आत सगळ्या कबरी सारख्याच, मातीचे उंचवटे, उशाला ओबडधोबड दगड, बहुतेकांवर नाव नाही. ती दोन रांगा चालली, तिसरीत शिरली, आणि थांबली. कुठली त्याची, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. तिला फार एकटं वाटलं, झिंजच्या फ्लॅटमध्ये कधी वाटलं नव्हतं इतकं.

मग तिने तिला जे येत होतं ते केलं. ताठ उभी राहिली आणि स्टेजवरून घेई तशा आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, नाव घेतलं.

"मुनाफ."

कुणी काही म्हणालं नाही. ती थांबली. दूर रस्त्यावरून एक बस गेली.

"मी आयलंय," ती म्हणाली. "आत आयलंय. तू कंच्या जागी हाईस ते मना म्हायत नाय. पण ऐकतोस ना?" ओढणीचा पदर तोंडावर धरून ती थोडा वेळ रडली, आणि मग डोळे पुसून तिने आठवड्याची खबर सांगितली, सगळी, पडद्याआडच्या त्या पावलापासून. "रविवारपासून मी गैरहजर हाय," शेवटी ती म्हणाली. "शाळेत आता नाव घेत नाय कोन. तूच घे माझा. जरा मोठ्यानं घे, म्हसळ्यापर्यंत आयकू आला पायजे."

ती वळली आणि दोन रांगा ओलांडून गेटाकडे निघाली. बाहेर पडण्याआधी ती एकदा थांबली, कुणी हाक मारतं का ते ऐकायला, आणि मग टॅक्सी बघायला रस्त्यावर आली.